रांजण केवढा, नळाला पाणी किती

पहाटेचे साडेपाच. अंजनेरीच्या पायथ्याशी लावलेली कॅम्पर व्हॅन. आत सगळे झोपलेले. बाकड्याखाली फ्रिजचा कॉम्प्रेसर 'टक्' करून सुरू होतो आणि फ्रिजशेजारच्या छोट्या मीटरवरचा आकडा १२.२ वरून ११.७ वर येतो. सात-आठ मिनिटांनी कॉम्प्रेसर थांबतो, आकडा पुन्हा १२.२. ज्याला जाग आलेली असते तो पडल्या पडल्या ठरवून टाकतो, बॅटरी गेली, आता मोठी घ्यायची.

नाशिकला परतल्यावर द्वारका ते मुंबई नाका पट्ट्यातलं एखादं बॅटरीचं दुकान गाठलं जातं. "भाऊ, शंभरची पुरत नाही, दीडशेची दाखवा." दुकानदार विचारतो, "गाडीची का इन्व्हर्टरची?" आणि गिऱ्हाईक अडखळतं. कारण त्याला हवी असलेली बॅटरी धड गाडीची नाही, धड इन्व्हर्टरचीही नाही. गाडीत राहायला सोय केली की गाडीला दोन बॅटऱ्या लागतात. एक इंजिनाची, दुसरी घराची. दोघींचं काम वेगळं, त्यामुळे पोटातली रचनाही वेगळी.

इंजिनाच्या बॅटरीत पातळ प्लेटा असतात, पुष्कळ असतात. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद शेकडो अँपिअर सोडायचे आणि लगेच अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, भरून घ्यायचं, एवढंच तिचं काम. तिच्यावर रात्रभर फ्रिज चालवला तर ती दोन-चारदा सहन करते, मग प्लेटांवरचा लेप सुटून तळाला गाळ साचतो. घराच्या बॅटरीला त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर निघालेल्या वारकऱ्यासारखं चालावं लागतं: घाई नाही, पण रोज, आणि लांब.

दुकानात विचारला जाणारा पहिला प्रश्न असतो, 'किती अँपिअर-तासांची?' तो रांजणाच्या मापाचा प्रश्न झाला. घरात रांजण केवढा ठेवायचा हे नळाला पाणी किती वेळ येतं यावरून ठरतं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. गाडीत शिरल्यावर मात्र हे शहाणपण विसरलं जातं. मोठा रांजण आणला आणि नळाची धार तीच राहिली, तर रांजण तळाशीच राहणार. शिशाच्या बॅटरीच्या बाबतीत तर तळाशी राहणं हेच तिचं मरण.

आधी खर्च मांडू. चाळीस लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॉटच्या आसपास खातो. मे महिन्यात तो दिवसाचा जवळजवळ निम्मा वेळ चालू राहतो, म्हणजे ४८० वॉट-तास. वीस वॉटचे दोन डीसी पंखे नऊ तास, ३६०. दिवे ७५. दोन-तीन मोबाइल आणि एक लॅपटॉप १५०. पाण्याचा पंप जेमतेम १५, कारण तो ६० वॉटचा असला तरी दिवसभरात पाव तासच चालतो. बेरीज १०८० वॉट-तास, बॅटरीच्या १२.८ व्होल्टने भागलं की साधारण ८५ अँपिअर-तास. हा उन्हाळ्यातला हिशेब. डिसेंबरात पंखे बंद आणि फ्रिजही आळसावलेला, त्यामुळे निम्म्यावर भागतं.

या यादीत न दिसणारा एक चोर आहे. मिक्सरसाठी किंवा लॅपटॉपसाठी बसवलेला इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी दहा ते वीस वॉट खात बसतो. बारा वॉट धरले तरी चोवीस तासांत २८८ वॉट-तास, जवळजवळ २३ अँपिअर-तास, आणि तेही काहीही न चालवता. काम झालं की इन्व्हर्टरचं बटण बंद. लॅपटॉप आणि मोबाइलसाठी १२ व्होल्टवर चालणारा सी टाइप चार्जर घ्यावा, म्हणजे १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा २० हा द्राविडी प्राणायाम टळतो. इंडक्शनचं वेड मात्र समजत नाही. पंधराशे वॉटची शेगडी अर्धा तास म्हणजे ७५० वॉट-तास, फ्रिजच्या दीड दिवसाचा खुराक. पाच किलोचा गॅस सिलिंडर तेच काम निमूटपणे करतो.

आता आवक. नाशिक ते त्र्यंबक तीस किलोमीटरच्या आत, पाऊण तास. गाडीत ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे चालत्या इंजिनाच्या विजेवर घराची बॅटरी भरणारं यंत्र, असेल तर पाऊण तासात बावीसेक अँपिअर-तास येतात, फ्रिजलाही धड पुरत नाहीत. टपावर आडवं बसवलेलं २०० वॉटचं सोलर पॅनल नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला ७०० ते ८०० वॉट-तास देतं. तेच पॅनल जुलैत इगतपुरीच्या धुक्यात उभं राहिलं तर दीडशे-दोनशेवर येतं, काही दिवशी तेवढंही नाही. मुंबईची फेरी केली तर चार तासांत शंभरची बॅटरी भरून निघते. पण बहुतेकांच्या सहली भंडारदरा, सापुतारा, नांदूरमध्यमेश्वर अशा दीड-दोन तासांच्या आतल्या. जवळचं ठिकाण, दोन रात्री मुक्काम, परत. म्हणजे नळ बारीक आणि थोडाच वेळ येणारा.

बॅटरीची जात इथे ठरते. शिशाच्या बॅटरीतून वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. लगेच भरली तर ते विरघळून जातं. आठवडाभर अर्धवट ठेवली तर त्याचे कडक स्फटिक होतात आणि तेवढा भाग कामातून जातो. शिवाय शिशाची बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते, शेवटचे वीस टक्के मात्र चार-सहा तास घेतात. कितीही मोठा चार्जर लावा, ती त्या टप्प्यात घोट-घोटच पिते. पाऊण तासाच्या प्रवासात तो टप्पा कधी येतच नाही. त्यामुळे छोट्या सहलींची शिशाची बॅटरी शंभर टक्के भरलेली अशी असतच नाही, आणि दीड-दोन वर्षांत 'कंपनीने फसवलं' म्हणून भंगारात जाते.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला अर्धवट राहण्याचं काही वाटत नाही, उलट तिला पन्नास-साठ टक्क्यांवर बरं वाटतं. मिळेल तेवढा करंट ती जवळजवळ शेवटपर्यंत त्याच वेगाने घेते. शंभर अँपिअर-तासांची १२.८ व्होल्टची बॅटरी म्हणजे १२८० वॉट-तास, त्यातले हजार-अकराशे बिनधास्त वापरता येतात, आणि वजन अकरा ते तेरा किलो. तेवढीच वापरता येणारी वीज शिशातून काढायची तर दोनशेच्या आसपासची टॉल ट्युब्युलर, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरची उंच, ॲसिडची बॅटरी लागते, कारण शिशाची निम्म्याखाली वारंवार नेली की आयुष्य कापलं जातं. ॲसिड भरल्यावर ती पन्नास किलोच्या वर जाते. किंमत लिथियमची जास्त, हे खरं. पण छोट्या सहली, बारीक नळ असं ज्याचं आहे त्याने दुसरा विचार करू नये. ज्याची गाडी सोसायटीत प्लगशेजारी उभी असते आणि महिन्यातून एकच रात्र बाहेर जाते, त्याला एजीएम, म्हणजे जिचं ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं अशी बंद शिशाची बॅटरी, चालेल. परत आल्या आल्या रात्रभर चार्जिंगला लावण्याची शिस्त मात्र हवी. जेल बॅटरी आपल्या उन्हाळ्यात आणि मिळेल त्या चार्जरवर फारशी सुखी राहत नाही, ती सोडून देऊ.

ट्युब्युलरबद्दल स्पष्टच सांगायला हवं, कारण घरी तीच असते आणि 'तीच गाडीत टाकू' हा मोह होतो. ती उभीच ठेवावी लागते, तिच्यात पातळ ॲसिड असतं, आणि कसारा घाटाच्या वळणांवर ते झाकणांच्या भोकांतून बाहेर येतं. भरत आली की ती हायड्रोजन सोडते. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीने भडका उडू शकतो. ज्या पेटीवर माणसं झोपणार, त्या पेटीत हा प्रकार नको. बसवायचीच असेल तर बंद खोका, वरून गाडीबाहेर काढलेली नळी आणि खाली ॲसिड न खाणारा प्लास्टिकचा ट्रे, एवढं तरी हवंच.

आता अंजनेरीच्या त्या पहाटेकडे येऊ. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर अर्धा व्होल्ट पडला. फ्रिज जेमतेम चार अँपिअर ओढत होता. शंभरची धडधाकट बॅटरी चार अँपिअरने अर्धा व्होल्ट पडत नाही. मग हा अर्धा व्होल्ट गेला कुठे? दोन मल्टिमीटर घ्या. एकाच्या सळया थेट बॅटरीच्या टर्मिनलवर, दुसऱ्याच्या फ्रिजच्या पिनांवर, आणि कॉम्प्रेसर चालू असताना दोन्ही एकदम वाचा. बॅटरीवर १२.१ आणि फ्रिजवर ११.७ दिसलं तर बॅटरी निर्दोष आहे, गुन्हेगार वायर आहे. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची वायर, बॅटरीपासून फ्रिज चार मीटर, म्हणजे जाऊन-येऊन आठ मीटर. तांब्याचा विरोध धरून हिशेब केला तर चार अँपिअरला ०.३७ व्होल्ट पडतो. तीच वायर सहा स्क्वेअर एमएमची टाकली की ०.०९. दीडशेची नवी बॅटरी आणली असती तरी मीटरने पहाटे तोच अर्धा व्होल्ट गिळलेला दाखवला असता.

२३० व्होल्टवर काम केलेल्या इलेक्ट्रिशियनला हे पटवणं अवघड जातं, कारण तिथे अर्धा व्होल्ट म्हणजे काहीच नाही. बारा व्होल्टच्या दुनियेत तो चार टक्के असतो. हजार वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भारावर ९० ते १०० अँपिअर ओढतो. बॅटरीपासून तो दोन मीटरच्या आत ठेवावा आणि ३५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल वापरावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल दिसायला तशीच आणि स्वस्त असते. टोक चाकूने खरवडलं की आतून पांढरं निघतं.

केबलपेक्षाही जास्त घोटाळे तिच्या टोकाला होतात. लग, म्हणजे केबलच्या टोकाचा तांब्याचा कान, हातोडीने ठोकून बसवलेला असेल तर बाहेरून घट्ट वाटतो, आत तारांमध्ये हवा राहते. अंबड-सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे हायड्रॉलिक क्रिम्पिंगचं हत्यार असतं, दहा मिनिटांचं काम आहे, तिथेच करून घ्यावं. लग बसल्यावर दोन्ही हातांनी जोर लावून ओढून पाहावा. आणि टर्मिनलवर जोडताना क्रम असा: आधी बॅटरीचा पृष्ठभाग, त्यावर थेट तांब्याचा लग, मग साधा वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग नट. बरेच जण वायसर आधी घालतात, लग नंतर. स्टीलचा तो चकतीएवढा तुकडा तांबं आणि टर्मिनल यांच्या मध्ये बसतो, शंभर अँपिअर त्याच्यातून जाऊ लागले की तो तापतो, टर्मिनलभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग मऊ होतं, मग जळका वास येतो. दोन टर्मिनलांचे चार वायसर, सगळे योग्यच, फक्त एकाची जागा चुकलेली. नट किती आवळायचा ते बॅटरीच्या माहितीपत्रकात न्यूटन-मीटरमध्ये दिलेलं असतं. अंदाजपंचे आवळून आतला धागा मारणारेही कमी नाहीत. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाना लावून पाहावा. हजार वॉटचा भार दहा मिनिटं चालवून प्रत्येक जोडाजवळ हात नेऊन पाहिला तरी कळतं. एखादा जोड इतरांपेक्षा गरम लागला की तोच.

फ्यूज धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत. त्याच्या अलीकडच्या वायरला कुणी वाली नसतो, म्हणून ती जितकी तोकडी तितकी बरी. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायर पेटू नये म्हणून असतो. ३५ च्या केबलला १२५ किंवा १५० चा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर क्षणात हजारो अँपिअर सोडते आणि साध्या फ्यूजच्या पट्टीत ठिणगीचा पूल तयार होऊन करंट वाहतच राहतो, म्हणून तिच्यासाठी टी-क्लास फ्यूज. दोन बॅटऱ्या समांतर जोडायच्या तर दोन्ही एकाच जातीच्या, एकाच मापाच्या, एकाच वेळी घेतलेल्या. धन वायर एका बॅटरीवरून घ्यायची आणि ऋण दुसऱ्या बॅटरीवरून, तिरकी. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर ती एकटी राबते आणि दुसरी नावाला राहते.

नळाची धार वाढवायची तर डीसी-डीसी चार्जरवर खर्च करावा. जुन्या गाड्यांत एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, टाकून दोन्ही बॅटऱ्या इंजिन चालू असताना जोडल्या की भागत असे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांपैकी अनेकांत अल्टरनेटर हुशार असतो, इंजिनाची बॅटरी भरली की डिझेल वाचवण्यासाठी व्होल्टेज खाली आणतो. घराच्या बॅटरीला मग १४ च्या जागी साडेबाराच मिळतात आणि दिवसभर गाडी चालवूनही ती कोरडीच. उलट जुन्या अल्टरनेटरला थेट लिथियम जोडली तर ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटरच जळतो, विशेषतः घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, जेव्हा त्याचा पंखा हळू फिरत असतो. मधला चार्जर दोन्ही दुखणी थांबवतो. तो स्वतः बराच तापतो, त्याच्या चहूबाजूंना बोटभर मोकळी जागा ठेवावी, गादीखाली कोंबू नये.

चार्जरवर बॅटरीची जात निवडायचं बटण असतं, ते एकदा शांतपणे पाहावं. एजीएमला १४.४ ते १४.७ आणि भरल्यावर १३.५ ते १३.८. लिथियमला १४.२ ते १४.६, आणि 'इक्वलाइज' (मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सगळे सेल सारखे करण्याची सोय) बंद. ट्युब्युलरच्या सेटिंगवर सोडलेला घरगुती इन्व्हर्टर लिथियमच्या बीएमएसला, म्हणजे तिच्या आतल्या राखणदार सर्किटला, वारंवार तोडायला लावतो.

लिथियम घेतल्यावर जुना व्होल्टमीटर निरुपयोगी होतो. शिशाची बॅटरी विश्रांतीत १२.७ ला भरलेली, १२.१-१२.२ ला निम्मी, हे गणित तिच्यापुरतं. लिथियम ऐंशी टक्क्यांपासून तीसपर्यंत १३.३ ते १३.१ च्या दरम्यानच रेंगाळते आणि शेवटी कड्यावरून पडावी तशी पडते. तिला शंट लावावा, जो आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजतो. शंटची एकच अट: ऋण टर्मिनलवर शंटशिवाय दुसरी कोणतीही वायर नको. सोलरवाला येऊन पॅनलची ऋण वायर थेट टर्मिनलवर चढवून जातो, मग शंटला खर्च दिसतो, आवक दिसत नाही. तिसऱ्या दिवशी बॅटरी काठोकाठ भरलेली आणि पडद्यावर शून्य टक्के.

नाशिकचं हवामान बॅटरीला सोसवेल असं आहे, मे सोडला तर. निफाडला थंडीत पारा पाचाखाली जातो, पण लिथियमला चार्जिंगची मनाई शून्याखाली असते, त्यामुळे लेह-स्पितीला न जाणाऱ्याने गरम करणाऱ्या पट्टीच्या बॅटरीसाठी पैसे घालवू नयेत. उन्हाळा खरा शत्रू. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना शिशाच्या बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि उन्हात बंद उभ्या गाडीतली पेटी बाहेरच्या चाळिसाच्या पुष्कळ वर जाते. सायलेन्सरच्या वरची जागा टाळा. तापलेल्या बॅटरीला चार्जिंगचं व्होल्टेजही कमी लागतं, म्हणून चार्जरसोबत आलेला तापमानाचा सेन्सर डब्यात न ठेवता बॅटरीच्या अंगाला चिकटवा.

ज्यांच्याकडे पाण्याची बॅटरी आहे त्यांनी महिन्यातून एकदा झाकणं उघडावीत. डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग झाल्यावर घालायचं, आधी नाही, नाहीतर चार्ज होताना पातळी चढून ॲसिड उतू जातं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी थोडं. आरओचं पाणी नको, एसीच्या नळीखाली बादली लावून धरलेलंही नको. त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू उतरलेले असतात. ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सहाही सेल मोजावेत. एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०३० ने खाली असेल तर त्या सेलने राजीनामा लिहायला घेतला आहे. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून धुवावी, कोरडं करावं, वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर शिशाची बॅटरी पूर्ण भरून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा भरा. लिथियम पन्नास-साठ टक्क्यांवर आणून ऋण वायर सोडवून ठेवा. मेन स्विच बंद केला म्हणून निश्चिंत राहू नका, गॅसचा अलार्म आणि म्युझिक सिस्टिमची वायर बऱ्याचदा स्विचच्या आधीच जोडलेली असते. विसरलात आणि लिथियमच्या टर्मिनलवर शून्य व्होल्ट दिसले तर बहुतेक वेळा ती मेलेली नसते. बीएमएसने दार लावून घेतलेलं असतं. अनेक चार्जर समोर व्होल्टेज दिसल्याशिवाय सुरूच होत नाहीत. लिथियम जागी करण्याची सोय असलेला चार्जर काही मिनिटं लावला की दार उघडतं.

घेताना दोन गोष्टी. शिशाची असेल तर बनवल्याचा महिना-वर्ष पाहा आणि दुकानातच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर ती फळीवरच म्हातारी होत आली आहे, दुसरी मागा. लिथियमच्या खोक्यावर शंभर छापलेलं असलं तरी आत काय भरलंय ते बाहेरून दिसत नाही. पूर्ण भरून हेडलाइटचे दोन बल्ब जोडा, डीसी क्लॅम्प मीटरने करंट मोजा. साधारण दहा अँपिअर भरतात. दर तासाला नोंद करत बसा. खरी शंभरची दहा तासांच्या आसपास चालते. साडेसहा तासांत बीएमएसने तोडली तर बिल आणि ती नोंद घेऊन त्याच आठवड्यात दुकानात जा.

जुनी शिशाची बॅटरी देताना वजनावर पैसे सांगा. शिसं पुन्हा वितळवून वापरलं जातं, म्हणून दुकानदार ती आनंदाने घेतो. जुनी लिथियम मात्र हातगाडीवरच्या भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे. दोन्ही टर्मिनलांवर इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि विक्रेत्याकडेच जमा करून पावती घ्या.